कोण म्हणतं दूधभाऊ!

नारीन गावातल्या गल्लीत पाऊस नुकता थांबला होता. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन सायकाल फाटकातून वळली, तोच एक मेंढा तिच्या पायांवर येऊन आदळला. बादल्या उपड्या! मागून दोरीचं टोक धरून एक उंच तरुण धापा टाकत आला.

"लागलं?"

"मेंढ्याला विचार!"

"विचारलं... तो म्हणतो, चूक तिचीच."

सायकालला हसू फुटलं. अपाला, म्हणजे तिच्या आईला, जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि मेंढा चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी आला होता. त्या तरुणाने, घाटापलीकडच्या एल्दियारने, बादल्या पुन्हा भरून आणल्या. देताना बोटांना बोटं लागली, आणि कान मात्र त्याचेच लाल झाले.

मग वर्षभर तो येत राहिला.

"आज काय निमित्त?"

"मेंढा विचारतोय, पाय बरा आहे का."

"त्याला तर आपण खाल्ला!"

"म्हणून तर... त्याच्या वतीने मी."

अपाचं वर्षाचं जेवण झालं की एल्दियारची आई गुलसून सायकालच्या कानांत कर्णफुलं घालणार होती. त्या भागात लग्न ठरतं ते असंच. पण त्याच जेवणात मामा भाषणाला उभा राहिला. अपा आजारी असताना हा एकदाही फिरकला नव्हता.

"माझी बहीण कालीपा! प्रसूतिगृहातली नर्स! निम्म्या खोऱ्याची पोरं तिने स्वतःच्या दुधावर जगवली. हा एल्दियार बघा... हासुद्धा!"

अंगणातल्या सगळ्या माना एल्दियारकडे वळल्या. एका आईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांचं लग्न होत नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तुम्ही पाहिलंत पाजताना?" सायकाल कढईपाशी झारा टाकून पुढे आली.

"गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द जास्तच बोलतात, पोरी. आता सगळ्यांसमोर बोललोय, मागे कसा घेऊ?" म्हणत मामा खाली बसला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडाला येईल ते बोलायचं ह्यांनी, आणि जन्म जायचा तिचा!

"सायकाल, मी आता तुला..." एल्दियार पुटपुटला.

"बहीण म्हणालास तर बादली डोक्यात घालीन!"

एवढ्यात बायकांच्या तंबूतून गुलसून तरातरा बाहेर आली.

"बाळंतपणात मी तापाने फणफणले होते. माझं दूध आटू नये म्हणून कालीपा ह्याला माझ्याच छातीशी धरून बसायची, हात भरून येईस्तोवर. तिला स्वतःला पान्हा फुटायचा, कोट भिजायचा. मी म्हटलं, तूच पाज की गं. तर म्हणाली, घरी पाळण्यात माझी पोरगी आहे. मोठी झाल्यावर ह्यांनी एकमेकांना पसंत केलं तर? मी कशाला आज दार लावू?"

सायकालचे डोळे भरून आले. अपाने केलं ते केवढं होतं, आणि ह्या माणसाने त्याचं काय करून टाकलं!

"मामा, उभे राहा. आत्ता जे ऐकलंत तेच बोला. मोठ्याने."

मामा घसा खाकरत उभा राहिला. तो अडखळत बोलत असतानाच गुलसूनने खिशातून कर्णफुलं काढली, आणि सायकालने मामावरची रागीट नजर न हटवताच मान तिरकी केली.