हात मोकळे?

पहिल्याच दिवशी तिने पहिल्याच होल्डरला वायर जोडली, स्विच दाबला, फाटकन आवाज झाला आणि अख्खं वर्कशॉप अंधारात बुडालं. वर्कशॉप कॉलेजच्या तळघरात, खिडकीचं नाव नाही. पंखे कुरकुरत थांबले. हाताला जे पहिलं लागलं ते तिने गच्च धरलं.

"सोडलंस तरी चालेल," अंधारातून एक शांत आवाज आला. "माझ्या शर्टाची बाही आहे ती."

"मला... मला काही दिसत नाहीये."

"मलाही नाही. पण मेन चालू करायला मलाच जायचंय, आणि बाही बरोबर नेलेली बरी."

दिवे आले तेव्हा ती अजून बाही धरूनच उभी होती. समोर एक उंच, किडकिडीत मुलगा, खिशाला टेस्टर लावलेला, चेहऱ्यावर हसू नाही पण डोळ्यांत... होतं थोडंसं. तिने हात असा मागे घेतला की जणू बाहीलाच करंट असावा. तेवढ्यात मागच्या बाकांवर तिचं बारसं झालेलं होतं. ती 'ठिणगी'.

त्याचं बारसं आधीच उरकलं होतं. तो 'टेस्टर', कारण तपासल्याशिवाय त्याचा कशावर म्हणून विश्वास नसे. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावायचा, मग कामाच्या वायरवर, मग पुन्हा सॉकेटवर, न जाणो मधल्या मधे टेस्टरच बिघडला तर. कुणी म्हणालं चहा गरम आहे, तरी हा कपाला बोट लावून बघणार. वर्कशॉपच्या सरांनी दोघांकडे पाहिलं आणि जोडी लावून टाकली.

"हिला भीती नाही आणि ह्याला विश्वास नाही," सर म्हणाले. "दोघं मिळून एक धड इलेक्ट्रिशियन होईल."

सरांचे नियम दोनच होते. पॅनलला हात घालायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याच्या पट्टीला प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. त्या पट्टीला भोकं बरीच, त्यामुळे दहा जण काम करत असले तर दहा कुलपं, आणि शेवटचं निघेपर्यंत स्विच वर जात नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, सरांनीसुद्धा. आणि दुसरा नियम, स्विच वर करणाऱ्याने आधी हाक द्यायची, "सप्लाय देतोय, हात मोकळे?" मग सगळ्यांनी दोन्ही हात वर करून म्हणायचं, "मोकळे." पोरांना ह्याचं फार हसू यायचं. सरांना कधीच आलं नाही.

दिवस सरकत गेले आणि ठिणगीला कॉलेजची गोडी लागली. म्हणजे विजेचीच, असं ती स्वतःला सांगायची.

"तू कधी कशावर डोळे मिटून विश्वास ठेवतोस का रे?" एकदा तिने विचारलं.

"ठेवतो की."

"कशावर?"

"तू उशिरा येणार ह्यावर."

तिच्या स्क्रूड्रायव्हरची मूठ तडकलेली होती. एका सकाळी बघते तर मुठीला लाल टेप, घट्ट, एकही सुरकुती नाही.

"सगळ्यांना करून देतोस का असं?"

"ज्यांच्या तळहाताला फोड येतात त्यांना."

"आणि माझ्या तळहाताला फोड आलाय हे तुला कुणी सांगितलं?"

तो सोललेलीच वायर पुन्हा सोलायला लागला, आणि कान मात्र टेपसारखे लालभडक.

आवडते का मी ह्याला? रोज घरी जाताना तिला हाच प्रश्न. स्वतःचं तर तिला कधीच कळून चुकलं होतं. पण ह्या गृहस्थाच्या तोंडून शब्द निघेल तेव्हा ना.

प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी ती कुलपाची किल्ली घरीच विसरली. किल्लीशिवाय कुलूप लावून करायचं काय? टेस्टरने त्याचं कुलूप लावलंय, बास झालं, असं म्हणून ती पॅनलच्या मागच्या बाजूला कामाला बसली. त्याला सांगायला हवं होतं, ते तिने सांगितलं नाही. हसेल, म्हणून.

पुढच्या बाजूचं त्याचं काम संपलं. पहिल्या दिवसानंतर सरांनी दिवे वेगळ्या लाईनवर घेतले होते, पण तळघराचे पंखे अजून त्याच मेनवर, पोरं घामाघूम होऊन ओरडत होती, "अरे, दे ना सप्लाय!" त्याने पट्टीकडे पाहिलं. तिचं कुलूप नाही, म्हणजे तिचं उरकलंय. त्याने आपलं कुलूप काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, हाक न देता, स्विच वर केला.

त्याच क्षणी पुढे आलेली वेणी मागे टाकायला तिने हात बाहेर काढला होता. स्क्रूड्रायव्हर आतच होता. धडाड आवाज झाला, डोळ्यांसमोर पांढरा लखलखाट... आणि मग जळका वास. ती जमिनीवर बसली होती. दोन्ही हात समोर धरून ती बघत राहिली. बोटं सगळी जागेवर होती. लाल टेपचा स्क्रूड्रायव्हर पायाशी पडला होता आणि त्याचं टोक वितळून गेलं होतं.

टेस्टर पॅनलला वळसा घालून आला. तिला बघितलं आणि भिंतीला टेकला. एवढा पांढराफटक चेहरा तिने कुणाचा पाहिला नव्हता.

"कुलूप कुठाय तुझं?" सरांचा आवाज अगदी हळू होता, म्हणूनच भीती वाटली.

"सर, मी... आत्ताच काढलं होतं."

ती खोटं बोलली. जोडीदार सांभाळून घेईल, ह्याची तिला खात्री होती.

"नाही सर," टेस्टर म्हणाला. "आत्ता लक्षात येतंय, सुरुवातीपासून पट्टीला माझं एकट्याचंच कुलूप होतं. तिने लावलंच नव्हतं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि तो मात्र खाली बघत होता. सर म्हणाले, "बॅग उचल. मी सांगेपर्यंत वर्कशॉप बंद." म्हणजे परीक्षाही गेली आणि वर्षही. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत बाहेर पडली.

घरी आई शिलाई मशीनवर बसली होती.

"चुगलखोर मेला," ठिणगी धुसफुसत म्हणाली. "तोंडावर गोड, आणि सरांसमोर..."

"खोटं सांगितलं का त्याने?"

"खोटं नाही. खरंच सांगितलं."

"अगं मग बिघडलं काय?" आई दोरा तोडत म्हणाली. "नक्की झालं काय ते तरी सांग."

तिने सांगितलं. वेणीपर्यंत आली तेव्हा आईचा पाय मशीनवर तसाच थांबला. आईने तिचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले आणि एकेक बोट चाचपून बघितलं. 

"तो गप्प बसला असता," मग आई म्हणाली, "तर उद्या पुन्हा तू तशीच कामाला बसली असतीस ना?"

ठिणगीने उठून विसरलेली किल्ली घेतली आणि बॅगेत टाकली.

दुसऱ्या दिवशी ती सरांची माफी मागायला गेली, आणि स्टोअररूमच्या दारातच थबकली. आत जमिनीवर टेस्टर बसला होता, समोर स्क्रूंचा ढीग, लहान-मोठे निवडत होता.

"तू... इथे कसा?"

"मलाही वर्कशॉपबाहेर काढलंय. शिक्षा म्हणून हे."

"तुला? कशाबद्दल?"

"हाक न देता सप्लाय दिला. तू गेल्यावर मीच सांगितलं सरांना."

ती हबकलीच. रात्रभर जिच्यापायी ह्याला शिव्या मोजल्या ती चुगली ह्याने स्वतःचीही केली होती. त्याच्या खिशाकडे लक्ष गेलं. तिथे आज टेस्टर नव्हता. लाल टेपचा, वितळलेल्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर होता.

"तो आवाज झाला ना," तो स्क्रूंकडे बघत म्हणाला, "तेव्हा मला पॅनलच्या मागे यायचीच भीती वाटली. चार पावलं होती गं. पण मागे तू कशी असशील... असशील की नाही..." त्याने मूठभर स्क्रू पुन्हा ढिगात टाकले. "खोटं बोलून तुला वाचवलं असतं, तर तू पुन्हा माझ्या कुलपावर विसंबली असतीस."

"मग विसंबायचं नाही का?"

"कुलपावर नाही."

"मग कशावर?"

तो मान खाली घालून स्क्रू निवडत राहिला. मोठा स्क्रू त्याने लहानांच्या डब्यात टाकला. तिनेच तो उचलून बरोबर डब्यात ठेवला आणि उत्तराविनाच सरांची माफी मागायला निघाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी दोघांना बोलावलं. सगळ्या वर्गासमोर, तेच पॅनल. "चुकलात तर पुढच्या वर्षी या," एवढंच ते म्हणाले.

मेन पडला. पट्टीला त्याचं कुलूप लागलं, शेजारी तिचं. पंखे थांबले, तळघर तापायला लागलं. दोघं न बोलता काम करत राहिले आणि एकही वायर चुकली नाही. सरांनी बॅटरी मारून आतबाहेर पाहिलं आणि मान डोलावली. वर्ष वाचलं होतं. टेस्टरने आपलं कुलूप काढलं आणि तिची वाट बघत उभा राहिला.

ठिणगीने किल्ली काढली... आणि मुठीत धरली.

"आधी परवाचं उत्तर," ती म्हणाली. "कुलपावर नाही, तर कशावर?"

"इथे?" त्याने सरांकडे पाहिलं. "आत्ता?"

"काय चाललंय?" सरांनी मानेवरचा घाम पुसत विचारलं.

"सर, माझं कुलूप मीच काढायचं ना? दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

सरांनी तोंड उघडलं, मिटलं. "नियम आहे तसा," ते नाइलाजाने म्हणाले.

टेस्टर जवळ आला. "अडवून घेतलेलं उत्तर खरं कसं मानशील तू? आधी कुलूप काढ."

तिला धक्काच बसला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. कुलूप निघालं की हा स्विच वर करेल आणि निघून जाईल, आणि आपण जन्मभर बसू विचारत. तरीही तिने किल्ली फिरवली. खट्ट. कुलूप तिच्या हातात आलं.

त्याने स्विचवर हात ठेवला. पण स्विच वर गेला नाही.

"माझ्यावर," तो म्हणाला. कुजबुजत नाही, तर सप्लायची हाक देतात त्या खणखणीत आवाजात, सगळ्या तळघराला ऐकू जाईल असं. "माझ्यावर विसंब. तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तेव्हा तपासलं, मधे तपासलं, आत्ता पुन्हा तपासलं. तेच येतंय."

कुणाच्या तरी हातातली पक्कड खाली पडली. तिने स्वतः विचारलं होतं, तरी ती थिजून उभी राहिली. हसू मात्र आवरत नव्हतं.

"ऐकलं सगळ्यांनी," सर म्हणाले. "आता पंखे."

टेस्टरने हाक दिली. "सप्लाय देतोय. हात मोकळे?"

"मोकळे," सगळा वर्ग हात वर करून म्हणाला. त्याने एकेका बाकावर नजर फिरवली आणि मग तिच्याकडे वळला. ह्या वेळी तो उत्तर ऐकल्याशिवाय हलणार नव्हता.

"तुझे?"

तिने खाली पाहिलं. एक हात वर होता. दुसऱ्याने, कधी कोण जाणे, त्याच्या शर्टाची बाही धरली होती, पहिल्या दिवशी धरली होती अगदी तशीच. सरांसमोर पुन्हा खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलेलं होतं.

"एक नाही," ती म्हणाली.

त्याने स्विच वर केला नाही, आणि बाही सोड असंही म्हटलं नाही. सरांनी बाकावरची एक वही उचलली, वारा घेत खाली बसले आणि वाट बघू लागले.