सीमांकाबाहेर

कोरजाई पठारावरची शर्यतपट्टी महिन्यातून एक रविवार हौशी चालकांसाठी मोकळी असे. आपली गाडी आणायची, हेल्मेट चढवायचं आणि तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या. स्पर्धा असलीच तर स्वतःच्या मागच्या वेळेशी. फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे झळकत: आजवरची उत्तम वेळ आणि सीमांक.

सीमांक म्हणजे त्या माणसाला उभ्या आयुष्यात साधू शकेल अशी सर्वांत कमी वेळ. वळण डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत मेंदूचा संदेश किती वेळ घेतो, वाटेत किती अडखळतो, हे हेल्मेटच्या अस्तरातले संवेदक पहिल्या तीन फेऱ्यांतच टिपत. नळाचा व्यास कळला की त्यातून जास्तीत जास्त किती पाणी जाईल ते सांगता येतं, तशीच मज्जातंतूंवरून माणसाची मर्यादा सांगता येते, असं या पद्धतीचे जनक डॉ. यशोधन पाटणकर समजावून देत. उत्तम वेळ सीमांकापासून अर्ध्या सेकंदावर आली की चालक 'पूर्ण' ठरे. त्याच्या गळ्यात हार पडे आणि त्याची जागा नव्या माणसाला मिळे.

शालन मगदूम त्या रविवारी सकाळी पूर्ण ठरली. वय सत्तेचाळीस. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे ती घडवायची. तिची उत्तम वेळ एक मिनिट ५३ सेकंद, सीमांक एक मिनिट ५२.६.

गळ्यातला हार काढून तिनं वेळनोंदणीच्या खोलीत पाटणकरांच्या टेबलावर ठेवला.

"हे घ्या. मला नको."

"शालनताई, अहो, कौतुकाची गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला एका फेरीला दोन मिनिटं अकरा सेकंद लागत होते. तुमच्यात होतं ते सगळं तुम्ही बाहेर काढलंत."

"सगळं काढलं हे कोण ठरवणार?"

"मोजमाप. सगळीकडची मिळून सहा हजार माणसं पूर्ण झाली. एकानंही सीमांक ओलांडलेला नाही."

"पूर्ण झाल्यावर त्यातली किती जणं गाडी चालवत राहिली?"

पाटणकर पडद्यावर आकडा शोधू लागले.

"एकबी न्हाई," शालन म्हणाली. "तुम्ही चालवूच देत न्हाई. मग तुम्ही चुकला असला तर तुम्हाला कळणार कसं?"

पाटणकर हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते. त्यांनी हार उचलून खुंटीला अडकवला. "दुपारपर्यंत पट्टी तुमची," ते म्हणाले.

तिचा वेळ जायचा तो खिंडीच्या वळणावर. दोन कातळांमधून उजवीकडे वळणारा तो रस्ता. तिथं ती अगदी शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबायची. त्यात मर्दुमकी वाटायची, पण वळणातून बाहेर पडताना गाडी कडेला फेकली जायची आणि वेग घ्यायला उशीर व्हायचा. आज तिनं दहा मीटर आधीच ब्रेक दाबला, मग पाय हळूहळू उचलत नेला आणि नजर वळणाऐवजी पुढच्या सरळ रस्त्यावर ठेवली. पहिली फेरी एक मिनिट ५४.२. आधीपेक्षा वाईट. मग ५३.४. नवव्या फेरीत गाडीची मागची बाजू सरकली, गाडी खडीत घुसली आणि बंद पडली.

"पुरे करा, ताई," हेल्मेटमध्ये पाटणकरांचा आवाज आला. "शरीर थांबायला सांगतंय."

"शरीर शिव्या घालतंय. थांब म्हणत न्हाई." तिनं गाडी पुन्हा चालू केली.

सतराव्या फेरीनंतर फलकावर तिच्या नावापुढे काहीच उमटलं नाही. घामानं भिजलेली शालन खोलीत आली. पाटणकर पडद्यासमोर उभे होते.

"माझी वेळ कुठाय?"

"एक मिनिट ५२.१. सीमांकापेक्षा चांगली वेळ आली तर घड्याळच चुकलं असं यंत्र समजतं आणि ती नोंद टाकून देतं. तो नियम मीच लिहिला होता. तेव्हा अगदी साधा वाटला होता." त्यांनी टाकून दिलेल्या नोंदींची यादी उघडली. "तुम्ही एकट्या नाही. पूर्ण ठरवून थांबवण्याआधीच कधीतरी सीमांक ओलांडलेले चारशे बारा जण आहेत. सरावानं मज्जातंतूंवरचं आवरण जाड होतं, संदेश आणखी वेगानं धावतो. मी ज्याला नळ समजत होतो, तो वापरानं रुंद होत होता."

शालननं यादीवरून बोट फिरवलं. "ह्या नावांपुढं शाळा कशा काय?"

"गेल्या जूनपासून शाळांतही सीमांक काढतोय आम्ही. पळणं, गणित, गाणं. मूल पूर्ण झालं की तो तास बंद करून त्याला दुसरं काहीतरी देतात."

"लावा फोन. ह्या पोरीला."

स्वरूपा भोपळे. इयत्ता चौथी, शंभर मीटर धावणं. फोन तिच्या वडिलांनी उचलला. पाटणकरांनी अडखळत चूक सांगितली, माफी मागितली.

"आता कशाला, सर?" वडील म्हणाले. "तिनं कवाच सोडलं पळायचं. आधी रोज पडायची, गुडघं फोडून घ्यायची. आता निवांत असती. आमची काय तक्रार न्हाई."

सहा हजारांतल्या कुणाचीच तक्रार कधी आली नव्हती. शालननं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"पोरीला द्या." आणि बारीक आवाज आल्यावर, "बाळ, मी शालनमावशी. घराम्होरं मोकळी जागा हाय का?"

"हाय."

"मग फोन ठेव आणि पळत सुट. त्यांचं मोजायचं चुकलं होतं. आज कुणी मोजणार न्हाई."



"पण मावशी," मुलगी म्हणाली, "कुणी मोजणार न्हाई तर थांबायचं कधी, ते मला कसं कळणार?"