पान्याचे ठोके

सील तुम्ही लावलंत, साहेब. पंख्याखालून न उठता, गाडीत न डोकावता. नाक्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत आणि शिपायाने वासरांच्या गाडीच्या दाराला तार आवळली. मुक्कामाला पोचेपर्यंत ती कोणी तोडायची नाही. तोडली तर लायसन्स जप्त. "वाटेत पाणी कसं पाजायचं?" ड्रायव्हरने विचारलं. तुम्ही म्हणालात, "वासरांनी तक्रार केली का?"

ड्रायव्हर निघाला. आळीपाळीने चालवायला सोबत मेहुणा होता. दोघांची जुनी पद्धत होती. गाडी थांबली की पान्याने बाजूच्या पत्र्यावर ठोकायचं. आतून खूर वाजले की समजायचं, जिवंत आहेत.

पहिल्या पेट्रोलपंपावर ठोकलं. आत एकच धडधड. फटीतून एक जीभ बाहेर आली आणि पत्रा चाटू लागली. पत्रा उन्हाने तव्यासारखा तापलेला. जीभ चिकटली ती सुटेना.

"दाजी, बघवत नाही. तोडू तार?"

"तोड की. आणि बहिणीला कळव, नवरा उद्यापासून घरी बसणार."

मेहुण्याने पाना खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थांबले. जीभ तशीच होती, काळी पडलेली. ड्रायव्हरने ठोकलं. खूर वाजले, पण सगळे एकदम, कवायतीसारखे.

"शिकली बघ!" ड्रायव्हर हसला. मेहुणा हसला नाही.

त्यानंतर पाना नुसता उचलला, तरी आतून उत्तर येई. धप्प.

कत्तलखान्याच्या आवारात भरदुपारी तार कापली. वासरं उभी होती, कारण पडायला जागाच नव्हती. ताठ. उघड्या डोळ्यांवर माश्या. तिथल्या डॉक्टरने एकाचा कान वाकवून पाहिला.

"ही कालच मेलीत."

"आज सकाळी तर पाय आपटत होती!" ड्रायव्हर म्हणाला.

मेहुण्याच्या हातून पाना निसटला. फरशीवर खणकन वाजला.

धप्प.

वासरं हलली नव्हती. आपटला होता तो ड्रायव्हरचा पाय.

आता तो घरी आहे. बायकोने भांडं ठेवलं, कोणी कडी वाजवली, की त्याचा पाय आपटतो. पाणी पाजलं तर ओठांतून ओघळून जातं. दुपारभर तो खिडकीचे तापलेले गज चाटतो.

काल मेहुणा तुमच्या कचेरीत आला होता, साहेब. तुमच्या टेबलावर त्याने तोच पाना ठोकला.

टेबलाखाली काय वाजलं?

बोला.