स्केलसाठी माणूस

निवड समितीतल्या महाशयांनो, तुम्ही उघड उघड पक्षपात केलात. निसर्गछायाचित्रणाच्या तुमच्या कार्यशाळेसाठी मी चार वर्षं अर्ज केले, चारही वेळा नकार. आणि माझ्या धाकट्या भावाला, ज्याला कॅमेरा धरायला मी शिकवलं, त्याला पहिल्याच फटक्यात घेतलंत.

मी पासपोर्टचे फोटो काढतो. दिवसाला तीस चेहरे, मागे पांढरा पडदा. जे शिकलो ते स्वतःच्या हिमतीवर. कुठली कार्यशाळा करावी, समुद्राची की तळ्याची, हे भाऊ मलाच विचारायला आला. दुकानात बसून मीच नकाशे काढले. सूर्य कुठून वर येईल, धुकं किती वाजेपर्यंत टिकेल, सगळं लिहून काढलं. तुमचं माहितीपत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं होतं. पहाटेचं तळं, पलीकडे डोंगर, अलीकडे ओली वाळू. माणूस एकही नाही. त्यातला दगडन्‌दगड मला पाठ आहे.

"तळ्याची कर," मी म्हणालो. आणि गुपचूप माझाही पाचवा अर्ज टाकला.

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रात पाण्याकाठी एक ठिपका दिसला. काच पुसली, कागद पुसला. गेला नाही. भिंग लावलं. पाठमोरा माणूस, डावा खांदा उतरलेला. माझा भाऊ आधी दप्तर आणि मग कॅमेऱ्याची बॅग, जन्मभर डाव्याच खांद्यावर घेत आलाय.

शेजारच्या छापखानेवाल्याला दाखवलं.

"पहिल्यापासूनच असणार," तो म्हणाला. "छापलेलं कधी बदलतं होय? आधी डोळे तपासून घे, मग लोकांचे फोटो काढ."

दुपारी भावाचा फोन आला.

"दादा, इथे कॅमेरे जमा करून घेतलेत."

"मग शिकवतात काय?"

"उभं करतात. डोंगर केवढा ते कळायला चित्रात एक माणूस लागतो ना, स्केलसाठी, तसं. मला म्हणतायत, पाण्यात जरा पुढे जा. पण दादा, म्हणतंय कोण ते दिसत नाही. मी निघून येऊ का?"

तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या पोटात दुखलं. ज्या काठासाठी मी चार वर्षं झुरलो, तिथे हा उभा, आणि वर तक्रार.

"आयतं मिळालं की माणसाला नखरे सुचतात," मी म्हणालो. "सांगतील तिथे उभा राहा."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या मागे पाण्याचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता.

पाच दिवसांची कार्यशाळा. आज सत्तेचाळिसावा दिवस. तुमच्या कचेरीतून एकच उत्तर मिळतं, अजून चालू आहे.

त्याची बायको रोज दुकानात येते. "भाऊजी, जागा तुम्हीच निवडून दिलीत ना? मग कधी येणार तेही तुम्हीच सांगा."

ती आली की मी काचेवर वही ठेवतो. आधी पाणी त्याच्या घोट्यांशी होतं. आता कमरेला लागलंय.

काल तुमचं पत्र आलं. माझी निवड झाली. कॅमेरा आणू नये, असं खाली लिहिलंय.

आज सकाळी पुन्हा भिंग लावलं.

वाळूवर बुटांचे दोन ठसे आहेत.

पाण्याकडे तोंड केलेले.

उजव्याची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, माझी झिजते तशी.

मी बॅग भरली आहे. कॅमेरा काढून ठेवलाय. पण ते ठसे त्याच्या शेजारी नाहीत, पुढेही नाहीत. चांगली वीस पावलं मागे आहेत. तिथेही तोच पुढे? थोरला मी आहे. मला मागे का उभं करताय, याचं लेखी उत्तर द्या.