दुसरी नळी

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकाल लागला की परत मिळतात. कडूबाला त्यात नवं काही नव्हतं. पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने एक दुनळी घेतली होती आणि तिच्या जोरावर क्रांती चौकातल्या एका बँकेच्या दारात तो वीस वर्षं स्टुलावर बसून होता. तेवढ्या वर्षांत त्या बंदुकीतून एक बार उडाला नव्हता. माशा मात्र पुष्कळ मारून झाल्या होत्या.

त्या सकाळी तो बंदूक आणायला गेला. हवालदाराने रजिस्टर पुढे सरकवलं.

"बघून घ्या. रिकामी हाय ना?"

कडूबाने बंदूक मधून वाकवली, दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड पाहिला आणि सही केली.

"तुमचा दोस्त लई काळजीवाला," हवालदार म्हणाला. "दर शनिवारी यायचा. आपण हात लावू दिला नाय. बाकावर बसून नुसतं विचारायचा, कडूनं नीट बघितलं व्हतं का?"

"कोण दोस्त?"

"पैठणचा. सांडू म्हणून. तुमच्याच पलटणीतला ना?"

कडूबा बंदूक खांद्याला अडकवून बाहेर पडला. भर उन्हात त्याला हुडहुडी भरली. सांडूला त्याने स्वतः खांदा दिला होता, त्याला अडतीस वर्षं झाली होती.

एकाहत्तरचा हिवाळा, सरहद्दीवरची चौकी. पहारा संपला की रायफलीचं मॅगझिन काढायचं, खटका मागे ओढून आत बोट घालून बघायचं, मगच जोडीदाराला 'रिकामी' म्हणून सांगायचं आणि घोडा ओढून मोकळा करायचा, असा नियम. कडूबाने मॅगझिन काढलं. बोटं गारठलेली, आत बघायचा त्याने कंटाळा केला. समोर सांडू रायफल पुसायला चिंध्या फाडत बसला होता.

"कडू, रिकामी हाय का?"

"रिकामी हाय," म्हणत कडूबाने घोडा ओढला. आत एक गोळी उरली होती.

पाहणारं कुणी नव्हतं. चौकशीत कडूबाने सांगितलं, माझी रायफल सांडू पुसत होता, त्याच्याच हातून उडाली. कागदावर तेच गेलं. पुढे सांडूच्या बायकोने, दगडाबाईने, पैठणच्या स्टँडवर त्याला अडवून विचारलं होतं, "भाऊजी, आमचा माणूस एवढा येंधळा व्हता का ओ?" कडूबा म्हणाला होता, "व्हय, वैनी." ते दोन शब्द त्याला गोळीपेक्षा जड झाले. कधीतरी जाऊन खरं सांगू, असं म्हणता म्हणता जन्म सरत आला.

पुंडलिकनगरच्या घरी त्याच्या बायकोने, सारजाबाईने, पोतं अंथरून ठेवलं होतं. ती समोर बसून जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडायला लागली. टर्र... टर्र... कडूबाने गजाला चिंधी गुंडाळून उजव्या नळीतून फिरवली. चिंधी काळीकुट्ट निघाली. त्याच नळीतून दुसरी चिंधी फिरवली, तीही काळी. खोलीत जळक्या दारूचा वास आला, अगदी ताजा.

"कडू... रिकामी हाय का?"

सारजाबाईची मान खालीच होती. आवाजही तिचाच. पण लग्नातल्या उखाण्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"नाय!" कडूबा ओरडला. "मी बघितलं नव्हतं, सांडू... मीच न बघता..." त्याने बंदूक उघडली. उजव्या नळीतून एक लांबट पितळी गोळी घसरून पोत्यावर पडली. रायफलीची गोळी. दुनळीत तसली गोळी बसतसुद्धा नाही, आणि तासाभरापूर्वीच त्याने त्या नळीतून उजेड पाहिला होता.

"अहो, कुणाशी बोलताय?" सारजाबाई घाबरून बघत होती.

त्याने गोळी खिशात टाकली, बंदूक बंद केली आणि चपला घातल्या. "पैठणला जाऊन येतो."

"जा बाई. बंदूक मी ठिवते कपाटात. रिकामी हाय न्हवं?"

"रिकामी हाय," तो दारातूनच म्हणाला. दुपारची एसटी गाठायची होती.

दगडाबाईच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याने सगळं सांगितलं आणि गोळी तिच्या हातावर ठेवली. मग तो लहान पोरासारखा रडला. अडतीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"लई उशीर केला, भाऊजी," म्हातारी म्हणाली. तिने गोळी उलटीपालटी करून पाहिली. "एकच आणली? आमचे हे तर म्हणत व्हते, दुनळी हाय. दुसरी नळी बघितली का?"

कडूबाने मोबाईल काढला. सारजाबाईने लगेच उचलला.

"बरं झालं तुम्ही फोन केला. तुमच्या पलटणीतले पाव्हणे आल्यात, बंदूक पुसून देतो म्हणतात. मी समोर बसून चिंध्या फाडून देतेय." फोनमध्ये चिंधी फाटली, टर्र... "अहो... रिकामी हाय का म्हणून इचारतात. काय सांगू?"