पहिल्या रकान्यात कोणती शाळा?

परीक्षेतली सगळी कोडी सोडवून झाल्यावर रेवा एका भलत्याच कोड्यात अडकली होती.

सन २०७१ मधली मे महिन्याची दुपार. मेहकरच्या त्या लहानशा घरात भिंतीवरचा पडदा उजळला होता आणि त्यावर तीन रिकामे रकाने होते. निवासी विज्ञान शाळांच्या प्रवेश परीक्षेत दोन हजार मुलांमधून रेवाचा गुणवत्ता क्रमांक (गुणांनुसार लावलेल्या रांगेतली जागा) सत्तावन्नावा आला होता. आता तिला पसंतीक्रम (आवडीनुसार लावलेली शाळांची यादी) भरायचा होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

"आजोबा, नभांगण पहिलं लिहू की नको?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

नभांगण विद्यालय टेकडीवर होतं. तिथे मोठी दुर्बीण होती, आणि रेवा चौथीत असल्यापासून तिला तिथेच जायचं होतं. पण जागा पन्नास, आणि गेल्या वर्षी बावन्नाव्या क्रमांकावर यादी थांबली होती.

"क्लासचे बर्डे सर म्हणतात, नभांगणच्या नादाला लागशील तर जलधाराही हातची जाईल. जलधारा पहिली लिही आणि मोकळी हो."

जलधारा म्हणजे नदीकाठची, पाण्यावर संशोधन करणारी शाळा. तीही चांगली होती. पण तिच्याबद्दल बोलताना रेवाचे डोळे तसे चमकत नसत.

सुमेध आजोबांनी हातातली वही मिटली. ते गणितज्ञ होते. प्रवेशाचा नवा नियम सात जणांच्या ज्या समितीने लिहिला होता, तिच्यात ते होते. चौदा वर्षांपूर्वीची ती गोष्ट रेवाला कुणी सांगितलीच नव्हती. खरं तर उत्तर त्यांच्या ओठावर होतं. पण नातीचा चिंताक्रांत चेहरा पाहून त्यांना बावन्न वर्षांपूर्वीचा असाच एक चेहरा आठवला.

"रेवा, माझा एक मित्र होता. तौसीफ," ते म्हणाले. "त्याची गोष्ट ऐकशील? वेळ आहे आपल्याला."

रेवा पाय मुडपून त्यांच्याजवळ बसली.

सुमेध आणि तौसीफ एकाच बाकावर बसत. तौसीफच्या अब्बूंचं शिवणकामाचं दुकान होतं. कापडाच्या ठाणातून निघणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या तौसीफ पळवून आणायचा. दोघं नळीच्या एका टोकाला बारीक भोक पाडलेला कागद लावायचे, दुसऱ्या टोकाखाली पांढरा कागद धरायचे आणि त्यावर सूर्याची गोल प्रतिमा पाडायचे. ती कशीबशी वाटाण्याएवढी. तिच्यावरचे डाग मोजण्यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं. तौसीफला नेहमी एक डाग जास्त दिसायचा. तो बहुधा कागदावरचा असायचा, पण तौसीफ हार मानत नसे.

दोघांनाही नभांगणलाच जायचं होतं. दोघांनी मिळून परीक्षेचा अभ्यास केला. सुमेधचा क्रमांक एक्केचाळीस आला, तौसीफचा त्रेसष्ट.

"फॉर्म भरायला आम्ही बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो," आजोबा सांगू लागले. "तासभर वीज नव्हती. बाहेर गोळेवाला उभा होता, आम्ही दोघांत एक काला खट्टा घेतला. वीज आली तसं मी धावत जाऊन नभांगण पहिलं लिहिलं. तौसीफच्या अब्बूंनी त्याला जलधारा पहिली लिहायला लावली. तो इतका रडला, की त्याची जीभ काळी आणि डोळे लाल!"

रेवाला हसू आलं. "मग?"

"मग नभांगणची यादी अडतिसाव्या क्रमांकावर थांबली. तेव्हा जागा कमी होत्या. तीन नंबरांनी हुकलो."

"पण जलधारा तर मिळालं असेल ना? तुम्ही तौसीफआजोबांच्या पुढे होतात."

"नाही मिळालं. तौसीफला मिळालं. त्र्याऐंशीव्या क्रमांकाच्या मुलालाही मिळालं. मला नाही."

रेवा उठून उभीच राहिली. "हे कसं काय?"

"तेच तर कोडं आहे. चल, तुला दाखवतो. गुणाजी!"

गुणाजी हा घरातला जुना रोबो. चालताना त्याचा गुडघा कुरकुरायचा, पण सांगितलेला नियम तो काटेकोरपणे पाळायचा. आजोबांनी त्याला स्वयंपाकघरातून तीन वाट्या आणि सहा चिंचोके आणायला सांगितले. चिंचोक्यांवर त्यांनी खडूने एक ते सहा आकडे लिहिले.

"हे सहा जण म्हणजे मुलं. आकडा म्हणजे गुणवत्ता क्रमांक. तीन वाट्या म्हणजे तीन शाळा: नभांगण, जलधारा आणि तिसरी मृत्तिका. प्रत्येकीत दोनच जागा. एक, दोन आणि तीन यांना नभांगण हवंय. चार आणि पाचने जलधारा पहिली लिहिलीय. सहाने मृत्तिका. यातला तीन म्हणजे मी. माझी दुसरी पसंती जलधारा. गुणाजी, जुना नियम लाव."

"जुना नियम," गुणाजी म्हणाला. "प्रत्येक शाळेने आधी पहिली पसंती देणाऱ्यांना जागा द्यायची. दिलेली जागा कायमची."

त्याने एक आणि दोन नभांगणात टाकले. चार आणि पाच जलधारात गेले, सहा मृत्तिकेत. तीनचा चिंचोका त्याच्या हातात उरला. तो त्याने जलधाराच्या वाटीवर धरला. "जागा भरली. क्षमस्व." आणि त्याने तीनला मृत्तिकेत सोडलं.

"पण चार आणि पाच तर तीनच्या मागे आहेत!" रेवा म्हणाली.

"आहेत ना. पण त्यांची जागा आधीच पक्की झाली. मी मनातली खरी आवड लिहिली आणि मला त्याचीच शिक्षा झाली. माझ्या वेळी तर मृत्तिकाही नव्हती. मी गावातल्याच शाळेत राहिलो. सोमवारी वर्गात गेलो तर बाकावर माझ्या शेजारी कुणी नव्हतं."

आजोबा खिडकीकडे वळले. खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून एक सौर बस आवाज न करता निघून गेली. तौसीफ सुट्टीत यायचा तेव्हा आधी घरी न जाता सुमेधकडे यायचा. एकदा तो म्हणाला होता, 'सुम्या, वर्गात बसलो की वाटतं, मी तुझ्या जागेवर बसलोय.' पुढे तौसीफ मोठा जलशास्त्रज्ञ झाला. त्याला जाऊनही आता दोन वर्षं झाली होती.

"आजोबा?"

"हो, हो. आता नवा नियम बघ. तो लिहिणाऱ्या समितीत मीही होतो. त्याचं नाव तात्पुरत्या होकाराची पद्धत. बदल केवढासा, तर शाळेने शेवटपर्यंत कुणालाच 'पक्कं' म्हणायचं नाही. फक्त 'सध्या थांब' म्हणायचं. गुणाजी, लाव."

गुणाजीने वाट्या रिकाम्या करून पुन्हा सुरुवात केली. एक आणि दोन नभांगणात थांबले, चार आणि पाच जलधारात, सहा मृत्तिकेत. तीन पुन्हा हातात उरला. मग गुणाजीने तो जलधाराच्या वाटीवर धरला आणि क्षणभर विचार केल्यासारखा थबकला.

"इथे चार आणि पाच थांबले आहेत. तीनचा क्रमांक दोघांच्याही वरचा. तीन आत, पाच बाहेर." त्याने पाचला उचलून त्याच्या पुढच्या पसंतीकडे, मृत्तिकेकडे नेलं. तिथे एक जागा होतीच. "आता हातात कुणी नाही. सगळे पक्के."

रेवा वाट्यांकडे बघत राहिली. "म्हणजे नभांगण हुकलं तरी जलधाराच्या दारात उशिरा पोचलो असं होत नाही!"

"अगदी बरोबर. कुणाचा अर्ज कितव्या फेरीत आला याला किंमतच नाही."

"पाचला मात्र वाईट वाटेल."

"वाटेल. जागा कमी आहेत, तेव्हा कुणाला तरी वाईट वाटणारच. पण पाचला असं म्हणता येणार नाही, की माझ्या मागच्या मुलाने माझी जागा घेतली. अशी तक्रार कुणालाच करता येत नसेल, तर त्या वाटपाला स्थिर वाटप म्हणतात."

रेवाने भुवया आक्रसल्या. "मग सरळ क्रमांकाने एकेकाला बोलवा आणि जागा निवडायला सांगा. तेच होईल की!"

आजोबा खूश झाले. "सगळ्या शाळांची रांग एकच असेल तर तेच होईल. पण उद्या एखादी शाळा गणिताला जास्त महत्त्व देईल, दुसरी प्रयोगाला. मग प्रत्येकीची रांग वेगळी. तेव्हाही ही पद्धत चालते."

तरी रेवाची खात्री पटली नव्हती. ती गुणाजीच्या समोर जाऊन बसली. "आता तीनला खोटं लिहू दे. जलधारा पहिली."

गुणाजीने वाटून दाखवलं. तीनला जलधाराच मिळालं. खरं लिहून मिळालं होतं तेच.

"आता असं समज, की दोन नंबरला नभांगण नकोच होतं. त्याने मृत्तिका लिहिली. आणि तीन अजून खोटंच लिहितोय."

तीन पुन्हा जलधारात गेला. मृत्तिकेत दोन आणि पाच आले, आणि तिथून बाहेर पडलेला सहा नभांगणात एकच्या शेजारी जाऊन बसला. रेवाने हळूच त्या सहाच्या चिंचोक्यावर बोट ठेवलं.

"इथे तीनला जाता आलं असतं. त्याने विचारलंच नाही."

पुढचा अर्धा तास ती याद्या बदलून बदलून पाहत होती. कुठल्याच खेळात खोट्या यादीने तीनचं भलं झालं नाही. झालं तर नुकसानच. हे सगळं आजोबांनी एके काळी कागदावर सिद्ध केलं होतं. तरी ते पुन्हापुन्हा घड्याळाकडे बघत होते, कारण त्या वेळी तीन नंबरचा चिंचोका म्हणजे त्यांची नात नव्हती.

चार वाजून वीस मिनिटांनी रेवाने पहिल्या रकान्यात 'नभांगण' लिहिलं, दुसऱ्यात 'जलधारा', तिसऱ्यात 'मृत्तिका'. मग आजोबांकडे न बघताच तिने बटण दाबलं.

आठ दिवसांनी यादी लागली. नभांगणची यादी चोपन्नाव्या क्रमांकावर थांबली होती. रेवा तीन नंबरांनी हुकली.

ती रडली. आजोबांनी तिला रडू दिलं. 'पुढच्या वेळी' वगैरे काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने नाक पुसत तिने पडद्यावरची खालची ओळ वाचली. जलधारा विद्यालय. प्रवेश निश्चित.

"आजोबा, जुना नियम असता तर हेही गेलं असतं?"

"बहुतेक गेलं असतं."

"मला विचारून तरी बघता आलं," ती म्हणाली. "नाहीतर जन्मभर वाटत राहिलं असतं, की नभांगण मिळालं असतं का."

आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

जूनमध्ये ते तिला सोडायला गेले. जलधाराच्या फाटकापाशी चिंचेचं जुनं झाड होतं, आणि आत दगडी पायऱ्या थेट नदीत उतरत होत्या. याच पायऱ्यांवर बसून तौसीफने कधीतरी डबा खाल्ला असेल, असं त्यांच्या मनात आलं. रेवा मात्र पिशवी खांद्याला लावून पळत आत गेली. मागे वळून तिने एकदाच हात हलवला.

तिचा फोन आला तो पहिल्या रविवारी, सकाळच्या नाश्त्यानंतर.

"आजोबा, माझ्या खोलीत तन्वी खंदारे आहे. तिची जुळी बहीण मृत्तिकेत गेलीय. दोघींना कुठलीही शाळा चालली असती, फक्त एकत्र हवं होतं. पण अर्जात तसं लिहायला रकानाच नाही! तुमच्या पद्धतीत हे का नाही बसवलं?"

सुमेध आजोबा खुर्चीत सावरून बसले.

"कारण ते फार अवघड आहे, बाळा. दोघांना एकत्रच हवं असलं, की कधीकधी स्थिर वाटप सापडतच नाही. म्हणजे कसंही वाटलं तरी कुणाची ना कुणाची रास्त तक्रार उरते. जगभरचे गणितज्ञ यावर डोकं लढवताहेत. यातून बहुतेक वेळा तरी चालेल अशी चांगली वाट कशी काढायची, याचं पूर्ण उत्तर अजून कुणापाशी नाही."

"कुणापाशीच नाही?"

"नाही."

पलीकडून कागद फाडल्याचा आवाज आला, आणि दोन मुलींची कुजबुज.

"मग आम्ही दोघी करून बघतो," रेवा म्हणाली. "पण सुरुवात कुठून करायची?"

आजोबांनी चष्मा लावला आणि वहीचं एक कोरं पान काढलं.

"आधी तन्वीला फोन दे," ते म्हणाले. "दोघी बहिणींनी काय काय लिहिलं होतं, ते तिच्याच तोंडून ऐकू."