रिकाम्या जीपचं ओझं

आमची जीप लोहाऱ्याहून माणसं भरून सुटते. ज्याला उतरायचं असतं तो मागून ओरडतो. बायका सहसा ओरडत नाहीत, हातातली बांगडी पत्र्यावर वाजवतात. मला तेही जमत नाही. एकदा दुसऱ्याच्या जीपमधून येताना माझा फाटा मागे गेला, तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या गावाला इतरांबरोबर उतरले आणि चालत परत आले. आण्णा, म्हणजे माझे वडील, अजून त्यावरून चिडवतात.

दिवाळीनंतर जीपला एक विचित्र दुखणं लागलं. भरलेली असली की ती पळायची. शेवटचा प्रवासी नव्या गावात उतरला की तिथून आमच्या शेतातल्या घरापर्यंत ती रिकामी असते. वाटेत जुन्या गावाचा चढ लागतो. गणपती विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला, तेव्हापासून तिथं कुणी राहत नाही; वाचलेले नव्या गावात गेले. दगडांचे ढीग, बाभळी आणि रस्त्याकडेला एक मोठा लिंब, एवढंच उरलं आहे. रस्ता खराब होता तेव्हा आण्णा त्या लिंबाखाली गाडी थांबवून पाणी प्यायचे. दिवाळीत नवं डांबर पडल्यावर थांबायचं कारण उरलं नाही. आणि तेव्हापासूनच त्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र ओढायची नाही.

"ह्या बारीला नीट झाली न्हाय तर विकून टाकतो," आण्णा म्हणाले. "पुण्याला जातो कुणाची तरी गाडी चालवायला. तू नि तुझी आई ईट गावाला मामाकडं ऱ्हावा."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरळ गॅरेजवर गेले.

शंभुलिंगकाका मेकॅनिक इंजिनात डोकं घालून उभे होते. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला होता, एअर फिल्टर झटकला होता. टर्बोच्या पाइपला साबणाचं पाणी लावलं, तेव्हा एका भेगेतून बारीक फुगे आले.

"हितनं हवा जाती. मग ताकद कुठनं येणार?" त्यांनी नवा पाइप बसवला. "पन आण्णासाहेब, भरलेली पळती आन् रिकामी दमती, असं कुठं असतंय व्हय? का नवं गाव आलं की तुम्हीच दमता?"

"तुम्हीच बसा की चालवायला," आण्णा हसले. "बघू कोण दमतंय."

काका खरंच आमच्याबरोबर निघाले. दोघं पुढं बसले, मी मागं प्रवाशांत. नव्या गावात शेवटची म्हातारी उतरली. दिवस मावळत होता. तुरीच्या शेतांवर पातळ धूर पसरला होता आणि गाडी इतकी अलगद चालली होती की मला पाण्यावर तरंगल्यासारखं वाटत होतं. मधेच गुलालाचा वास आला. ओल्या, जुन्या गुलालाचा.

चढ लागला. इंजिन ओरडू लागलं आणि गाडी हळू हळू होत लिंबाच्या पुढे जेमतेम गेली.

"थांबवा," काका म्हणाले. ते उतरले, मागच्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे बघायला वाकले आणि तसेच राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाटे पार दबलेत... मागं किती मानसं बसवलीत?"

"एकटी हर्षाली हाय की."

"एकटी न्हाय..."

काका येऊन बसले. आण्णांनी गिअर टाकला. तेवढ्यात माझ्या समोरच्या रिकाम्या बाकाजवळ पत्र्यावर आवाज झाला. टिक. मग थोडं थांबून, भीत भीत, पुन्हा. टिक.

काका कुजबुजले, "नट ढिला असंल..."

तो नट नव्हता. आपलं गाव मागे पडत असताना तोंडून शब्द कसा फुटत नाही, ते मला माहीत होतं.

"आण्णा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "लिंबापाशी मागं घ्या. उतरायचंय."

"कुनाला?"

"घ्या ना..."

त्यांनी गाडी मागं घेतली. मी मागचं दार उघडलं आणि गुडघे जवळ घेऊन बसले, वाट मोकळी राहावी म्हणून. सुरुवातीला फक्त वारा आला. मग गाडीची मागची बाजू थोडी उचलली. पुन्हा थोडी. दर वेळी माझ्या गुडघ्यांना थंड काठपदर लागून गेल्यासारखं वाटायचं. बाभळींकडे जाणारं गवत वाकत गेलं. खूप वेळ.

शेवटी काहीच हलेनासं झालं. मी दार लावलं. आण्णांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि जीप चढावर वासरासारखी उधळली.

"पाइपच होता," शंभुलिंगकाका म्हणाले. पण घर येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

आण्णा आता रोज तिथं थांबतात. पाणी पितात. मागचं दार उघडतात. पुण्याचं नाव निघालेलं नाही.

फक्त त्या संध्याकाळचं एक मी त्यांना सांगितलेलं नाही. आमच्या घराचं वळण आलं, तेव्हा माझ्या अगदी शेजारी, बाकाच्या कोपऱ्यात, एकदाच आवाज झाला. टिक.

गाडी थांबली. मी उतरले. दार लावायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. पाटे अजून थोडे दबलेलेच होते.